आत्यांची मदत

त्या रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे आत्या म्हणायचे. तोंडावर म्हणायची छाती आधी फक्त भुलीच्या डॉक्टरांची झाली. त्यांचं काय, रुग्णाला एकदा झोपवला की गप्पा मारायला त्यांना कुणीतरी जागं लागतं. मग सिस्टर म्हणायला लागल्या, शिकाऊ डॉक्टर म्हणायला लागले, आणि शेवटी तर रुग्णांचे नातेवाईकसुद्धा ‘आत्याबाई कुठे भेटतील हो?’ असं विचारत वॉर्डात हिंडू लागले. पिकलेले केस, कपाळावर चढवलेला चष्मा, आणि आवाज असा की जिन्याखाली कुणी रेंगाळत असेल तर तोही सरळ चालायला लागायचा. त्या खुर्चीत बसलेल्या त्या पहिल्याच बाई, आणि ही गोष्ट त्या कुणाला विसरू देत नसत.

आत्यांचं वागणंही आत्यांसारखंच. मुलगे म्हणजे वाया गेलेले, त्यांना रोज झापायचं. मुली म्हणजे गुणाच्या, त्यांना पदराखाली घ्यायचं. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीला कडी नव्हती, ती अधीक्षकांशी भांडभांड भांडून आत्यांनी बसवून घेतली. एखादीचं मूल तापलं तर तिची ड्यूटी स्वतः करायच्या आणि वर तिलाच दम द्यायच्या, ‘जातेस की हाकलून देऊ?’ हे सगळं खरं आहे आणि ते आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही बाईंना नावं ठेवाल.

याला कारण होतं. आत्या स्वतः शिकत होत्या तेव्हा त्यांच्या सरांनी त्यांना वर्षानुवर्षं शस्त्रक्रियेत नुसती उघडलेल्या पोटाची कड ओढून धरायला उभं केलं. ‘तुझा हात फार स्थिर आहे, तू धर.’ आता बघा, जिचा हात स्थिर तिने धरायचं, आणि ज्याचा थरथरतो त्याच्या हाती सुरी! हा कुठला न्याय? एकदा कधी नव्हे ती त्यांना संधी मिळाली, एका टाक्यापाशी त्या थबकल्या, तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘बाई, तुम्ही घरी जाऊन बटणंच लावा.’ अख्खं थिएटर हसलं. आत्या हात धुवायच्या खोलीत नळ सोडून रडल्या. त्या दिवशी त्यांनी मनाशी गाठ बांधली, की माझ्या हाताखालच्या पोरीवर कुणी हसता कामा नये.

आणि ते त्यांनी पाळलंही. शस्त्रक्रिया चालू असताना एखाद्या मुलीचा हात जरा थांबला, की कुणाच्या ओठाला मुरड पडायच्या आत आत्यांचा हात पुढे यायचा. ‘दे गं बाळ, मी बघते.’ चिमटा या हातातून त्या हातात, काम पुढे सुरू, हसायला कुणाला फुरसतच नाही. मुलगा अडला तर मात्र आत्या हाताची घडी घालून उभ्या. ‘आता का घाम फुटला? निस्तर तुझं तू.’ मुलगे त्यांना मागे खडूस म्हणत. मुली त्यांच्यावर जीव टाकत.

त्यातली सगळ्यांत लाडकी एक. आत्यांच्याच हाताखाली शिकली आणि तिथेच सर्जन म्हणून राहिली. बोलणं मोजकं, हात स्वच्छ, रागावणं माहीतच नाही. आत्यांच्या मागे मागे असायची म्हणून लोकांनी तिचं नाव भाची पाडलं. आत्यांनी तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. आणि आता आत्यांची निवृत्ती जवळ आली होती, तर त्यांच्या मनात एकच होतं. माझ्यानंतर या खुर्चीत भाचीच बसायला हवी. नाहीतर आपण पहिल्या आणि आपणच शेवटच्या, असं व्हायचं.

खुर्चीला दुसरा उमेदवार होता पैलवान. हाडांचा सापळा असलेला माणूस, म्हणून पैलवान. तोही आत्यांचाच विद्यार्थी, आणि त्यांची सगळ्यांत जास्त बोलणी खाल्लेला.

त्या रुग्णालयात प्रमुख निवडायची एक जुनी रीत होती. मुलाखत वगैरे व्हायचीच, पण खरी परीक्षा थिएटरमध्ये. उमेदवाराने एक अवघड शस्त्रक्रिया करायची, बाहेरून आलेले दोन परीक्षक बाजूला उभे राहून बघणार, आणि मदतनीस म्हणून समोर उभं राहायचं ते जाणाऱ्या प्रमुखाने. इतकी वर्षं ज्याने हुकूम सोडले त्याने त्या दिवशी मुकाट कड धरायची. उमेदवाराने मागितल्याशिवाय हात लावायचा नाही, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. कल्पना चांगली होती. फक्त ती काढणाऱ्याने आत्यांना पाहिलेलं नव्हतं.

भाचीच्या वाट्याला पित्ताशय आलं. रुग्ण होती एका कॅन्टीनमधली स्वयंपाकीण, किती तरी महिने दुखणं अंगावर काढलेली. दुर्बिणीने होण्यासारखं नव्हतंच, पोट उघडावं लागलं, आणि आत बघितलं तर सगळं एकमेकांना घट्ट चिकटलेलं. अशा वेळी भीती असते ती मुख्य नळी चुकून कापली जाण्याची. परीक्षकांत एक वयस्कर सर्जन होते आणि एक मध्यमवयीन बाई, बारीक नजरेच्या. दोघंही मान पुढे करून बघत होते.

भाचीने सावकाश एक एक थर सोडवत आणला. सुरेख चाललं होतं. भुलीचे डॉक्टर पडद्याआडून म्हणाले, “मी जागा आहे, काळजी नको.” एवढ्यात चिकटलेल्या भागातून थोडं रक्त आलं. भाचीने ते टिपलं, आणि तिचा हात थांबला.

किती वेळ थांबला म्हणाल, तर एक लांब श्वास घेऊन सोडण्याएवढा. पण आत्यांना तो थांबलेला हात दिसला आणि त्यांना थिएटर हसल्याचं ऐकू यायला लागलं. कुणी हसत नव्हतं हो! सगळे चिडीचूप होते. पण आत्यांचा हात पुढे झालासुद्धा.

“दे गं बाळ, मी बघते.”

आणि भाचीने चिमटा दिला. काही विचार न करता, सवयीने दिला. देऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं आणि मास्कच्या वरचे तिचे डोळे एकदम मोठे झाले. आत्यांनी तोवर पित्ताशयाची छोटी नळी शोधली, बांधली, कापली. बाकीचं भाचीने पुरं केलं. स्वयंपाकीण चारचौघींसारखी बरी होऊन घरी गेली, तिच्या बाजूने काही तक्रार नाही.

हात धुताना परीक्षक बाईंनी भाचीला विचारलं, “तुम्ही मध्ये थांबलात, का?”

भाचीने तोंड उघडलं, पण उत्तर आत्यांनी दिलं. “फारच चिकटलेलं होतं हो. कुणीही थांबलं असतं.” भाची हात धूत राहिली. आत्यांना वाटलं, वेळेवर सावरून घेतलं आपण.

दुसऱ्या दिवशी पैलवान. त्याचीही केस तशीच चिवट. तो भाचीपेक्षा कितीतरी जास्त वेळ अडला, घामाने डबडबला, त्याने एकदा आशेने समोर पाहिलं. आत्या कड धरून भिंतीसारख्या उभ्या. पैलवान मनातल्या मनात काहीतरी पुटपुटला, पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागला, आणि अडचणीतून निघाला बाहेर. परीक्षकांनी पसंतीची मान हलवली. आत्याही मनात म्हणाल्या, तयार झालाय हो गाढव.

खुर्ची पैलवानाला मिळाली.

आत्यांचं डोकं फिरलं. त्या तरातरा अधीक्षकांच्या खोलीत गेल्या. तिथे दोन्ही परीक्षक चहा पीत बसले होते. आत्यांनी ना ‘बसा’ म्हणायची वाट पाहिली, ना ‘बोला’ म्हणायची. “झालं ना तुमच्या मनासारखं? बाई म्हटली की तुमच्या पोटात दुखतं! इतकी गुणी पोर, आणि तिला डावलून कुणाला बसवलंत? मी हे असं सोडणार नाही, सांगून ठेवते!”

अधीक्षकांनी चष्मा पुसायला घेतला. वयस्कर परीक्षकांनी खिडकीबाहेर बघितलं. परीक्षक बाईंनी मात्र कप खाली ठेवला.

“आम्हाला तीच आवडली होती,” त्या म्हणाल्या. “शेवटपर्यंत बघायची होती. तिच्या हातातला चिमटा आम्ही नाही घेतला, बाई.”

आत्या ‘पण’ म्हणाल्या, पुन्हा ‘पण’ म्हणाल्या. परीक्षक बाई चांगल्या होत्या, त्यांनी आणखी काही ऐकवलं नाही. त्यामुळे तर आत्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी भांडलं असतं तर त्या भांडल्या असत्या. खोलीतून बाहेर पडल्या त्या भिंतीच्या कडेकडेने, कुणाला दिसू नये अशा. वाटेत एक शिकाऊ मुलगी आदराने बाजूला झाली आणि ‘गुड मॉर्निंग आत्या’ म्हणाली. आत्यांनी ऐकलंच नाही असं केलं.

घरी जाऊन त्यांनी सगळं नवऱ्याला सांगितलं. नवरा शाळेत मास्तर होता, आता निवृत्त. तो सुरी घेऊन कांदा चिरत होता. आत्या बोलता बोलता त्याच्याजवळ गेल्या आणि सुरी काढून घेऊन स्वतः चिरायला लागल्या.

“तू काही मुद्दाम करत नाहीस गं,” नवरा रिकामा हात बघत म्हणाला. “पण लग्नाला इतकी वर्षं झाली, मला अजून कांदा चिरता येत नाही.”

आत्यांनी सुरीकडे पाहिलं. त्या ओट्याला टेकून खालीच बसल्या. नवऱ्याला वाटलं कांद्याने डोळ्यांना पाणी आलं. त्याने तसं समजायचं ठरवलं, शहाणा होता.

रात्रभर आत्या एक एक चेहरा आठवत राहिल्या. किती मुली आल्या हाताखालून. सगळ्या आपल्याला मिठी मारून गेल्या, पत्ता दिला, फोन करतात. आणि त्यांतल्या कितीजणी आज पोट उघडतात? एकीने तपासणीचा दवाखाना काढला. एक शिकवते. एक म्हणाली होती, आत्या, तुम्ही समोर नसाल तर माझा हात चालत नाही. तेव्हा हे ऐकून आत्यांना केवढा आनंद झाला होता! आता ते आठवून त्यांनी अंथरुणात तोंड फिरवलं. सरांनी आपल्याला सुरी दिली नाही. आपण या पोरींना दिली आणि प्रेमाने काढून घेतली. सरांचा राग तरी करता येत होता. या बिचाऱ्यांना तेही करता आलं नाही.

आता इथे कुणीही शहाणा माणूस म्हणेल, चला, बाईंना कळलं. अहो, कळणं एक आणि वळणं दुसरं. बघा पुढे काय केलं ते.

पुढच्या आठवड्यात भाचीने सांगितलं की शेजारच्या गावातल्या लहान रुग्णालयात तिने अर्ज केलाय. त्यांना शस्त्रक्रियेला प्रमुख हवाय, बोलणी झाली आहेत, जवळजवळ ठरलंच आहे. आत्यांच्या छातीवरचा धोंडा हलका झाला. निदान तिथे तरी पोर खुर्चीत बसेल. ती खोलीबाहेर गेल्याबरोबर आत्यांनी फोन उचलला. तिथले मुख्य डॉक्टर त्यांच्या ओळखीचे होते. आत्या त्यांना म्हणाल्या, “पोर फार गुणी आहे हो. फक्त जरा सांभाळून घ्या. नवीन जागा, एकदम एकटीवर टाकू नका.” आणि फोन ठेवून, आपण भरपाई केली या समाधानात त्यांनी त्या दिवशी दोन कप चहा जास्त प्यायला.

चार दिवसांनी भाची आली. दार लोटून घेतलं आणि खुर्चीच्या काठावर बसली.

“आत्या, त्यांचा फोन आला होता. म्हणतात, एक वर्ष दुय्यम म्हणून या, कुणीतरी ज्येष्ठ माणूस वर असेल, मग पुढे बघू.” तिचा आवाज तसा शांतच होता. “सगळं ठरलं होतं. एकाएकी काय झालं कळत नाही. मी काही चुकीचं बोलले असेन का?”

काय झालं ते आत्यांना बरोबर कळलं होतं. पहिलं मनात आलं ते हे, की हिला काही बोलू नये, ही गेली की गुपचूप पुन्हा फोन करावा आणि सगळं मिटवून टाकावं. हिला पत्ताही लागणार नाही. हात टेबलावरच्या फोनकडे निघालासुद्धा होता. तो त्यांनी मागे घेतला आणि मांडीवर दाबून धरला.

“तू नाही काही बोललीस. मी बोलले,” आत्या म्हणाल्या. आणि जे बोलल्या होत्या ते शब्दन् शब्द सांगितलं. सांभाळून घ्या. एकटीवर टाकू नका. सांगताना त्यांना भाचीकडे बघवेना. त्या टेबलाच्या कडेकडे बघून बोलत होत्या, शाळेत खोडी करताना सापडलेल्या पोरीसारख्या.

भाचीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “त्या दिवशी मी अडले नव्हते, आत्या.”

“काय?”

“पित्ताशयाच्या वेळी. रक्त आलं म्हणून मी थांबले. मुख्य नळी कुठली, हे कापायच्या आधी पुन्हा एकदा बघून घेत होते. तुम्हीच शिकवलंय, शंका आली की थांबायचं. मला सापडली होती नळी. तुम्ही हात पुढे केलात आणि मी दिला चिमटा.” ती थोडं हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. “तुम्ही घेतलात याचा मला राग नाही. मी दिला, याची मला लाज वाटते. घरी नवऱ्यालाही सांगितलं नाही मी.”

आत्यांना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. लाज वाटायला हवी होती ती आत्यांना, आणि ती वाहत होती ही पोर.

“मला माफ कर,” त्या म्हणाल्या. हे शब्द त्या रुग्णालयात त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेले नव्हते. “मी आत्ताच्या आत्ता त्यांना फोन करून सांगते, की...”

“मी करते,” भाची म्हणाली. तिने स्वतःचा फोन काढला, टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. “तुम्ही विचारल्याशिवाय बोलू नका.”

पलीकडून मुख्य डॉक्टर बोलू लागले. भाचीने सरळ सांगितलं की ती प्रमुख म्हणूनच येईल, दुय्यम म्हणून येणार नाही. ते अवघडले. “मॅडम, आमचं मन साफ होतं हो. पण तुमच्याच बाई म्हणाल्या, की एकटीवर टाकू नका. त्यांच्याइतकं तुम्हाला कोण ओळखतं?”

“बाई समोरच बसल्या आहेत. त्यांनाच विचारा.”

आत्यांनी घसा साफ केला. “मी चुकीचं सांगितलं,” त्या म्हणाल्या. “तिला कुणी सांभाळायची गरज नाही. इथली निवडही तिच्यामुळे नाही गेली, माझ्यामुळे गेली. ती विचार करायला थांबली होती आणि मी मध्ये हात घातला. ती माझ्यापेक्षा चांगली सर्जन आहे. लिहून देते हवं तर.”

पलीकडे ते डॉक्टर मनापासून हसले. वाईट माणूस नव्हता तो, आणि म्हणूनच ते हसणं जास्त लागलं.

“आत्या, तुम्ही असंच म्हणणार! तुमच्या मुलींना तुम्ही कसं पाठीशी घालता हे आम्हाला का ठाऊक नाही? तुमचं प्रेम कळतं आम्हाला. पण तुमच्या शब्दावर मी कसा जाऊ, सांगा?”

आत्यांनी आयुष्यभर पोरींसाठी टाकलेला शब्द हा असा त्यांच्याच समोर येऊन पडला. ज्या दिवशी तो खरा होता, त्या दिवशी त्याला कुणी विचारेना. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. बोलायला तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं.

“बरोबर आहे तुमचं,” भाची फोनला म्हणाली. “बाईंचा शब्द धरू नका. तुमच्याकडची सगळ्यांत चिवट केस ठेवा, हवं त्याला बघायला बोलवा. मदतीला तुमच्याकडचं कुणीही द्या, अगदी काल आलेलं पोर द्या. ती केस बघा आणि मग ठरवा.”

“बरं,” पलीकडून आलं, जरा विचार करून. “हे पटतं. मंगळवारी या.”

भाचीने फोन बंद केला आणि पिशवीत टाकला. आत्यांना तिची पाठ थोपटावीशी वाटली, पण तेवढाही हक्क उरलाय की नाही ते कळेना, म्हणून त्या तशाच बसून राहिल्या. मंगळवार, त्यांनी मनात हिशोब केला, मंगळवारी आपल्याला काही काम नाही. नुसतं बाहेर बाकावर बसायला काय हरकत आहे? त्या मान वर करून काहीतरी म्हणणार होत्या.

भाची दारापाशी थांबली होती. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी असं कधी बोलली नव्हती, आणि बोलताना तिचे डोळे भरून आले होते.

“तुम्ही येऊ नका, आत्या.”

“नाही येत,” आत्या म्हणाल्या.